बंधपत्र संपले, खटला संपला का?

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतला एक तरुण घरी आला. आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला, गेली काही वर्षे घरोघरी वायरिंगची कामे करून आई आणि धाकट्या बहिणीचा संसार ओढणारा मुलगा. एका निमसरकारी कंपनीच्या लेखी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला होता, निवड यादीत नावही आले होते. हातात साक्षांकन नमुना होता. नाव, पत्ता, शिक्षण, दोन ओळखीच्या माणसांची नावे असे सगळे रकाने त्याने नीट अक्षरात भरले होते. एकच रकाना मोकळा होता. ‘आपणांस कोणत्याही न्यायालयाने कधी दोषी ठरविले आहे काय? होय / नाही. असल्यास तपशील द्यावा.’

“सर, इथं काय लिहू?” त्याने विचारले.

हा प्रश्न घेऊन तो आधी तीन ठिकाणी जाऊन आला होता. वस्तीतल्या एका जाणत्या माणसाने सांगितले, “जेलमध्ये गेला नाहीस ना? मग नाही लिही.” वकिलाच्या कारकुनाने सांगितले, “तू सुटलास, विषय संपला.” आणि घरी अम्मीचे म्हणणे असे की, साहेबांनी कोर्टात सगळ्यांसमोर सोडून दिले होते, मग आता पुन्हा ते कशाला उकरायचे? तिघांनीही त्याच्या भल्यासाठीच सांगितले होते. पण तिघांचाही सल्ला चुकीचा होता. तो त्याने ऐकला असता, तर त्याच्या हातची नोकरी गेलीच असती आणि वर फसवणुकीचा ठपका बसला असता.

हा अग्रलेख त्या एका रकान्याविषयी आहे. आपल्या वस्त्यांत असे तरुण बरेच आहेत. किरकोळ गुन्ह्यात सापडलेले, न्यायालयाने शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेले, हमीची मुदत नीट पार पाडलेले. त्यांना वाटते खटला संपला. कायद्याच्या पुस्तकात तो बऱ्याच अंशी संपलेलाही असतो. पण कागदावर तो संपवण्याचे काम कोणी केलेले नसते.

प्रकरण साधे होते. २०१७ साली, तो एकोणीस वर्षांचा असताना, मैदानात क्रिकेटवरून बाचाबाची झाली. शेजारच्या गल्लीतल्या मुलाला त्याने स्टंप मारला. त्या मुलाच्या कपाळाला टाके पडले. भारतीय दंड संहितेचे कलम ३२४ लागले. घातक साधनाने दुखापत करणे, तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच दिवशी अटक, दुसऱ्या दिवशी जामीन आणि मग चार वर्षे तारखा. २०२१ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला दोषी ठरवले. पहिलाच गुन्हा, वय, घरची जबाबदारी आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहून त्यांनी तुरुंगवास दिला नाही. दोन वर्षांचे चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र, एक जामीनदार, दोन वर्षे परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख आणि जखमी मुलाला दहा हजार रुपये भरपाई, असा आदेश झाला. जामीनदार म्हणून त्याचे मामू उभे राहिले. ही दोन वर्षे २०२३ मध्ये संपली. एकही तारीख त्याने चुकवली नव्हती.

हा आदेश ज्या कायद्याखाली झाला, तो अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. त्याआधी वीस वर्षे, १९३८ साली, मुंबई प्रांताने स्वतःचा असा कायदा केला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. कायद्यामागचा विचार सरळ आहे. पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला सराईत गुन्हेगारांच्या सोबतीला पाठवले, तर तो सुधारण्यापेक्षा बिघडण्याचीच शक्यता अधिक. त्याला घरी, कामावर, आपल्या माणसांत ठेवून वळण लावता येत असेल तर तसे करावे. या कायद्याचे कलम ३ समज देऊन सोडण्याचे आहे, ते चोरी-फसवणुकीसारख्या ठरावीक गुन्ह्यांना आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना लागते. कलम ४ अधिक व्यापक आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यात न्यायालय आरोपीला दोषी ठरवून, पण लगेच शिक्षा न सुनावता, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकते. त्या काळात शांतता पाळायची, वर्तन चांगले ठेवायचे आणि न्यायालयाने बोलावले तर शिक्षा ऐकायला हजर व्हायचे. अटी मोडल्या तर कलम ९ प्रमाणे न्यायालय त्याला बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते.

म्हणजे या मुलाची शिक्षा रद्द झालेली नव्हती, पुढे ढकललेली होती. दोन वर्षे ती टांगणीला होती आणि मुदत निर्वेध पार पडल्यावर ती देण्याचा अधिकार संपला. येथे तीन गोष्टींची गल्लत होते, म्हणून स्पष्ट सांगतो. निर्दोष सुटका म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही. अपील चालू असताना शिक्षेला मिळणारी स्थगिती म्हणजे शिक्षा सुनावली गेली आहे, अंमल तेवढा थांबला आहे. परिवीक्षेवरील सुटका म्हणजे गुन्हा सिद्ध झाला आहे, शिक्षा सुनावलेलीच नाही. कोर्टाच्या आवारात या तिन्हींना एकच शब्द वापरला जातो, ‘सुटला’. हा एक शब्द पुढे किती घात करतो, ते त्या मोकळ्या रकान्यापाशी आल्यावर कळते.

चार वर्षांच्या तारखांनी आणखी एक नुकसान केले होते. याच कायद्याचे कलम ६ एकवीस वर्षांखालच्या आरोपींना विशेष संरक्षण देते. त्यांना कैदेत पाठवायचे असेल तर न्यायालयाला त्याची कारणे लिहावी लागतात. पण वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे नाही, न्यायालय निकाल देते त्या दिवशीचे, असे सर्वोच्च न्यायालयाने रामजी मिस्सर प्रकरणात ठरवले. खटला एका वर्षात निघाला असता तर तो वीस वर्षांचा असता. निकाल आला तेव्हा तो तेवीसचा झाला होता. सुदैवाने न्यायदंडाधिकाऱ्यांनी कलम ४ स्वतःहून विचारात घेतले. पण हे सुदैव प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, कारण आरोपीचा वकीलच अनेकदा परिवीक्षेची मागणी करायला विसरतो.

त्या रविवारी मी त्याला विचारले, “मुदत संपल्याचा कागद कुठे आहे?” तो गोंधळला. असा काही कागद असतो, हेच त्याला माहीत नव्हते. खरे सांगायचे तर कायद्यानेही तो द्यायला कोणाला सांगितलेले नाही. मुदतीआधीच देखरेख अनावश्यक वाटली, तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून बंधपत्रातून मुक्त करण्याची तरतूद कलम ८ मध्ये आहे. पण जो पूर्ण मुदत इमानाने पार पाडतो, त्याच्यासाठी काहीच नाही. शेवटचा दिवस येतो आणि जातो. कोणी बोलावत नाही, कोणी लिहून देत नाही. जो नियम मोडतो त्याच्यासाठी कलम आहे, समन्स आहे, वॉरंट आहे. जो पाळतो त्याच्यासाठी शांतता आहे.

नमुना देण्याची मुदत तीन आठवडे होती. त्या तीन आठवड्यांत आम्ही न्यायालयात चार फेऱ्या मारल्या. काय केले ते क्रमाने सांगतो, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिले काम, खटल्याचा क्रमांक. त्याच्याकडे वकिलाने दिलेली एक चुरगळलेली झेरॉक्स होती, तीवर क्रमांक अर्धाच दिसत होता. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आरोपीच्या नावावरून शोधून तो मिळाला. तिथे खटला ‘निकाली’ दिसत होता. अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला.

दुसरे काम, निकालपत्र आणि बंधपत्राच्या आदेशाची प्रमाणित नक्कल. नक्कल विभागात तातडीचे शुल्क भरून अर्ज केला. फाईल अभिलेख कक्षात गेली होती, ती यायला आठवडा गेला. नकलेत काय लिहिले आहे ते मुलाने तेव्हा प्रथमच पूर्ण वाचले. ज्या आदेशाने आपले आयुष्य ठरवले, तो त्याने कधी वाचलाच नव्हता, मराठीत असूनही. त्या दिवशी तो आदेश कोणी वाचून दाखवला नाही आणि त्यानेही मागितला नाही.

तिसरे, परिवीक्षा अधिकारी. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे आहेत. ज्यांच्या देखरेखीखाली तो होता त्यांची बदली झाली होती. नव्या बाईंनी जुनी नोंदवही काढली, दोन वर्षांच्या भेटींच्या नोंदी पाहिल्या, आणि मुदत समाधानकारकपणे पूर्ण केल्याचा अहवाल दिला. एवढ्या कामाच्या ढिगाऱ्यात त्यांनी आमच्यासाठी वेळ काढला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

चौथे, न्यायालयात एक साधा अर्ज. बंधपत्राची मुदत अमुक तारखेस संपली, अटींचा भंग झाला नाही, भरपाई भरलेली आहे, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल सोबत आहे, तरी याची नोंद घेऊन जामीनदारास मुक्त केल्याचे नमूद करावे. कायद्यात असा अर्ज सांगितलेला नाही, पण तो करायला मनाईही नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांनी सरकारी वकिलांचे म्हणणे घेतले आणि त्याच दिवशी दोन ओळींचा आदेश केला. त्या दोन ओळी ऐकताना मामूंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या रेशनकार्डावर जामिनाचा शेरा होता आणि आपण अजून अडकलेलो आहोत असे ते दोन वर्षे समजत होते. मध्यंतरी दुसऱ्या भाच्यासाठी जामीन राहायची वेळ आली, तेव्हा याच भीतीने त्यांनी नकार दिला होता.

पाचवे आणि सर्वांत अवघड काम पोलीस ठाण्यात होते. चारित्र्य पडताळणीचा अहवाल तिथूनच जाणार. तिथल्या नोंदीत हा गुन्हा अजून ‘न्यायप्रविष्ट’ होता. निकाल लागून चार वर्षे झाली होती, पण निकालाची नोंद त्यांच्याकडे चढलीच नव्हती. कोणाचा दोष, न्यायालयाच्या टपालाचा की ठाण्यातल्या हवालदाराचा, याचा शोध मी घेतला नाही. आदेशांच्या नकला दिल्या, पोच घेतली आणि नोंद दुरुस्त होईपर्यंत मुलाला दर दोन दिवसांनी चौकशी करायला सांगितले. याच नोंदीवर त्याने पासपोर्टचा अर्ज केला असता, तर पारपत्र अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे ‘फौजदारी खटला प्रलंबित’ म्हणून तो अडला असता. जो खटला संपला आहे, तो प्रलंबित आहे म्हणून!

आता त्या रकान्याकडे येतो. कलम १२ म्हणते की, कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीला, दोषी ठरल्यामुळे इतर कोणत्याही कायद्याने येणारी अपात्रता भोगावी लागणार नाही. अट एकच, नंतर मूळ गुन्ह्याची शिक्षा झालेली नसावी. हे कलम या मुलाच्या हातातले सर्वांत मोठे बळ आहे. पण त्याच्या मर्यादाही माहीत असायला हव्यात. दोषसिद्धी पुसली जात नाही. तिच्यामुळे येणारी अपात्रता जाते. बक्षी राम प्रकरणात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे.

दिल्ली दूध योजनेतले रोखपाल शंकर दास यांचे प्रकरण या संदर्भात प्रत्येकाने लक्षात ठेवावे. पाचशे रुपयांचा हिशेब त्यांनी दिला नाही असा आरोप होता. पैसे त्यांनी परत केले, न्यायालयात गुन्हा कबूल केला. घरातल्या आजारपणांनी आणि संकटांनी हा माणूस गांजलेला होता हे ओळखून दंडाधिकाऱ्यांनी १९६३ मध्ये त्यांना परिवीक्षेवर सोडले. तरीही खात्याने त्यांना बडतर्फ केले. न्याय मिळाला तो १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की, बडतर्फी ही कलम १२ मधली ‘अपात्रता’ नाही, त्यामुळे ते कलम येथे कामी येणार नाही. पण शिक्षा करण्याचा अधिकार आहे म्हणून ती वाटेल तशी करता येत नाही. अशा माणसाला बडतर्फ करणे अन्यायाचे आहे. शंकर दास यांना मागील पूर्ण वेतनासह सेवेत घेण्याचा आदेश झाला. पाचशे रुपयांसाठी बावीस वर्षे! न्यायालयाने त्यांना जी सवलत दिली होती, ती प्रत्यक्षात यायला एवढा काळ लागला.

राहिला प्रश्न ‘होय’ की ‘नाही’ हा. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याची चौकट घालून दिली आहे. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. माहिती लपवणे हेच निवड रद्द करण्याचे कारण ठरू शकते. खरे सांगितले म्हणून नोकरी द्यावीच लागते असे नाही. उमेदवाराचा पूर्वेतिहास विचारात घेण्याचा अधिकार मालकाला राहतो. मात्र लहान वयातला किरकोळ गुन्हा असेल, तर तो दुर्लक्षित करण्याचा विवेकही मालकाने वापरावा. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या संदीप कुमार या तरुणाच्या प्रकरणातही न्यायालयाने हाच सूर लावला होता. तरुणपणी माणसे चुकतात, त्या चुकीचा डाग त्यांच्या कपाळी जन्मभर ठेवू नये. तो खटला तडजोडीने मिटलेला होता, एवढा फरक ध्यानात ठेवायला हवा.

म्हणून आम्ही ‘होय’ लिहिले. खाली पाच ओळींत खटला क्रमांक, कलम, निकालाची तारीख, कलम ४ खालचा आदेश, मुदत पूर्ण झाल्याचा आदेश आणि कलम १२ चा उल्लेख केला. नकला जोडल्या. लिहिताना त्याचा हात थांबला. “सर, माझ्यानंतरच्या नंबरवाल्याला घेतील आणि मी खरं बोललो म्हणून बसेन घरी.” या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही सत्याच्या गोष्टी व्यासपीठावरून सांगतो. त्याची किंमत मात्र तो मुलगा मोजणार होता. मी त्याला एवढेच सांगितले की, खोटे लिहून मिळालेली नोकरी कोणत्याही दिवशी जाईल आणि त्या दिवशी तुझ्या बाजूने कायद्याचे एकही कलम उभे राहणार नाही. खरे लिहून नाकारली गेली, तर लढायला शंकर दास आहेत, अवतार सिंग आहेत, कलम १२ आहे. आणि आम्ही आहोत. कंपनीने त्याला खुलासा देण्यासाठी बोलावले. तो जाऊन आला. निर्णय अजून आलेला नाही. हे लिहिताना आम्ही दोघेही त्याचीच वाट पाहत आहोत.

इतर ठिकाणी हा प्रश्न कसा सोडवला आहे, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ‘डिफर्ड सेंटेन्स’ची पद्धत आहे. आरोपी गुन्हा कबूल करतो, शिक्षा ठरावीक काळ पुढे ढकलली जाते. गंभीर गुन्ह्यात चार वर्षांपर्यंत, साध्या गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत. अटी पूर्ण झाल्या की कबुली मागे घेतली जाते आणि खटला कायमचा रद्द होतो. नोंद झाकणे ही मात्र वेगळी बाब आहे. तिथल्या मराठी कुटुंबांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. राज्याच्या कायद्यात असा रद्द झालेला खटला अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात दोषसिद्धीच धरला जातो, त्यामुळे व्हिसा किंवा ग्रीनकार्ड असलेल्याने कबुली देण्याआधी त्या विषयाच्या वकिलाला विचारावे. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे की, ठरावीक काळ निर्वेध गेल्यावर दोषसिद्धी ‘सरलेली’ मानली जाते आणि बहुतेक नोकऱ्यांत ती सांगावी लागत नाही. मुलांसोबतच्या कामासारखे अपवाद अर्थातच आहेत.

आपल्याकडेही हे अगदीच परके नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ ने अठरा वर्षांखालील मुलांची अपात्रता तर काढलीच, शिवाय ठरावीक काळानंतर नोंदी नष्ट करण्याचीही तरतूद केली. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाची नोंद नष्ट होते आणि एकोणीस वर्षांच्या मुलाची नोंद जन्मभर राहते. दोघांच्या हातात स्टंप एकच असतो.

अठरा वर्षांवरच्या सगळ्यांच्या नोंदी नष्ट करा, असे माझे म्हणणे नाही. बलात्कार, खून, दंगलीतली हिंसा यांच्या नोंदी राहिल्याच पाहिजेत. जखमी झालेल्यालाही हक्क आहे. आपल्या कपाळावरच्या टाक्यांची नोंद कोणीतरी पुसून टाकली, असे त्याला वाटू नये. नमुना भरून झाल्यावर मी या मुलाला विचारले, “ज्याला मारलंस, त्याच्याशी बोललास का कधी?” तो म्हणाला, भरपाई कोर्टात भरली. रोज रस्त्यात दिसतो, बोलत नाही. मी पुढे काही विचारले नाही. पंधरा दिवसांनी त्याने स्वतःहून सांगितले की, तो त्यांच्या घरी जाऊन आला. काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही. पण आठ वर्षांचा हा खटला त्या दिवशी थोडा अधिक संपला, असे मला वाटते.

मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. बंधपत्राची मुदत संपली की न्यायालयाने, अर्जाची वाट न पाहता, तशी नोंद करावी आणि एक पानी दाखला संबंधिताला द्यावा. तारीख आधीच ठरलेली असते, संगणक ती सांगू शकतो. तोच दाखला पोलीस ठाण्याच्या नोंदीत चढावा. नोकरीच्या नमुन्यांत ‘दोषी ठरविले आहे काय’ या प्रश्नाखाली ‘अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली मुक्तता झाली आहे काय’ असा वेगळा रकाना असावा, म्हणजे खरे सांगणाऱ्याची गणती सराईतांत होणार नाही. आणि आदेश सुनावताना आरोपीला त्याच्या भाषेत सांगितले जावे की, तू निर्दोष ठरलेला नाहीस, तुला संधी दिली आहे.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर आपल्याला करता येण्यासारखे एक काम आहे. प्रत्येक वस्तीत वकील, शिक्षक, निवृत्त कर्मचारी असतातच. महिन्यातून एका रविवारी दोन तास बसून अशा तरुणांचे कागद पाहता येतील. ई-कोर्ट्सवर नोंद तपासणे, नक्कल मागवणे, अर्ज लिहून देणे, पोलीस ठाण्यात सोबत जाणे, एवढेच. आमच्या कार्यालयात आम्ही हे पुढच्या महिन्यापासून सुरू करत आहोत. धर्म, जात, गल्ली विचारली जाणार नाही. एकच अट आहे, आमच्याकडे येऊन कोणी ‘नाही लिहू का?’ असे विचारू नये.

वाचकमित्रहो, आपल्या घरात, नात्यात असा कोणी असेल तर त्याला आजच विचारा, मुदत संपल्याचा कागद आहे का? नसेल तर नोकरीचा नमुना हातात पडायची वाट पाहू नका. कायद्याने दिलेली दुसरी संधी वापरून झाल्यावर तिची पावती मागायला लाजण्याचे काही कारण नाही.